तो ‘पूर्ण’ नानांनी लिहिला नव्हता

नाना,

तुमच्या घरून अक्कांचा फोन आला तेव्हा मी बर्फ फोडत होतो. इथल्या फुटबॉल क्लबचा सराव संपत आला होता आणि तीन जणांचे गुडघे बर्फात ठेवायचे होते. अक्का एवढंच म्हणाल्या, “योगेश, नाना गेले रे.” मी म्हणालो, “बरं.” असं कुणी ‘बरं’ म्हणतं का, पण तोंडातून तेच आलं. मग तिघांचे गुडघे बांधले, बर्फाच्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या आणि मैदानाच्या मागे केळीची चार झाडं आहेत तिथं जाऊन बसलो. केरळातली ही केळी आपल्या यावलच्या केळीपेक्षा उंच आणि किडकिडीत, पण सोपट तसंच निघतं. खोडाचा वाळलेला पापुद्रा ओढला की लांब पट्टी हातात येते. ती मी बराच वेळ बोटाला गुंडाळत बसलो.

यायला जमलं नाही. इथून यावल दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तुम्ही कधी कुणासाठी थांबला नाहीत. सराव सहाला म्हणजे सहाला.

अक्का म्हणाल्या, रविवारी सकाळी सगळे मैदानावर जमणार आहेत, तू लिहून पाठव, मी वाचून दाखवते. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. चार ओळी लिहिल्या तरी मला भीती वाटते की कुणीतरी हसेल. पण एक गोष्ट आहे जी मला बारा वर्षं बोलता आली नाही, ती आता लिहायलाच हवी. लिहितो तुम्हाला, पण ऐकायचं सगळ्यांनी आहे. विशेष करून त्यांनी, जे अजून म्हणतात की योगेशचा गुडघा नानांनी घालवला.

आधी फळ्याचं सांगतो, कारण सगळं त्यावरूनच झालं.

शाळेनं टाकून दिलेला तो फळा तुम्ही एसटीच्या डेपोतून सुटल्यावर सायकलला बांधून आणलात आणि मैदानाच्या फाटकाशी, निंबाच्या खोडाला टांगलात. रोज संध्याकाळी सराव संपला की त्यावर सगळ्यांची नावं आणि नावापुढे उद्याचं काय ते लिहायचात. धडधाकट असेल त्याच्यापुढे ‘पूर्ण’. पाय मुरगळलेला, सुजलेला, पण पळू शकणारा असेल त्याच्यापुढे ‘टक्कर नाही’. त्याने पळायचं, चेंडू मारायचा, पण त्याला कुणी धक्का द्यायचा नाही. ओळखू यावा म्हणून त्याने दंडाला केळीचं सोपट बांधायचं. आणि ज्याला पळताही येत नाही त्याच्यापुढे ‘काठावर’. काठावरच्याने रेषेबाहेर बसून इतरांचे पास मोजायचे आणि कोण मोकळा आहे ते ओरडून सांगायचं.

आमच्या वेळी बाळूचा पाय प्लास्टरमध्ये होता. तो म्हणाला, “नाना, मी तर बाहेरच आहे ना, माझं नाव पुसा.”

तुम्ही म्हणालात, “तू आठे शे ना? मंग बाहेर कसा? काठावर शे.”

न येणाऱ्यापुढे मात्र तुम्ही काहीच लिहायचा नाहीत. नाव असायचं, पुढची जागा कोरी. ती कोरी जागा शिवीपेक्षा लागायची.

तुम्ही दोंडाईच्याकडचे, आम्ही यावलचे. ‘आहे’ला तुम्ही ‘शे’ म्हणायचात, त्याला आम्ही मागून हसायचो. “नाना शे शे करत आले रे भो,” असं कुणी म्हणालं की सगळे बूट बांधायला वाकायचे. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही एकदा सरावाच्या मध्येच थांबून म्हणालात, “हसा, हसा. पण पास चुकला तर मी तुमना भाषामा शिव्या देसू.” आणि दिल्यात. आमच्या लेवा बोलीतल्या शिव्या तुम्हाला आमच्यापेक्षा चांगल्या येत होत्या.

कुणी लंगडत आला आणि इथं दुखतं, तिथं दुखतं सांगायला लागला की तुम्ही हात वर करायचात. “काय दुखस ते डॉक्टरले सांग. माले सांग, आज काय करशी.” मला तेव्हा हे कोरडं वाटायचं. आता वाटतं, आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ते विचारत होतं. माझ्या घरी सगळे मला काय येत नाही तेच सांगायचे. केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत नेणारा मी, मला काय करता येईल हे तुम्ही विचारायचात आणि उत्तर येईपर्यंत थांबायचात.

फळा फाटकाशी असल्यामुळे सामन्याच्या दिवशी समोरचा संघही तो वाचायचा. यावरून आपलं भांडण. मी म्हणायचो, “नाना, सगळे आपापले लंगडे लपवतात. आपण तेवढे पाटी लावून सांगतो.”

“वाचू दे.”

“मग ते त्याच पायावर येतात ना.”

“कोण आला आजपर्यंत?”

खरं तर कुणी आलं नव्हतं. उलट पारोळ्याचे, धुळ्याचे पोरगे फाटकाशी थांबून फळा वाचायचे. ‘टक्कर नाही’वाल्याला तुम्ही सामन्यात उतरवायचाच नाहीत, त्यामुळे ज्याच्यापुढे ‘पूर्ण’ आहे त्याच्याशी पूर्ण ताकदीनं खेळायचं, हे त्यांना ठाऊक होतं. एक-दोन संघांनी तर आपल्यासारखाच फळा करून घेतला होता. तुमच्या शब्दावर दुसऱ्या गावचा माणूस पाय टाकायचा. मला तेव्हा त्याची किंमत कळली नाही.

आता त्या दिवसाचं.

धुळ्याशी सामना होता आणि धुळ्याहून एक माणूस खेळाडू बघायला येणार होता. तो चांगल्या संघात घेतो, राहायची सोय होते, असं सगळे म्हणत होते. माझा उजवा गुडघा दोन आठवडे सुजलेला. आदल्या संध्याकाळी तुम्ही माझा गुडघा दोन्ही हातांत धरून वाकवून पाहिला आणि फळ्यावर लिहिलंत, योगेश, टक्कर नाही. म्हणजे मी सामन्यात नाही.

“नाना, उद्याचा एकच दिवस,” मी म्हणालो.

“आखो दिवस येतीन.”

मला ते पटलं नाही. मी भित्रा माणूस, नाना, तेव्हाही होतो. मला वाटायचं की एकदा रांगेतून बाहेर पडलो की आपल्या जागी दुसरा उभा राहतो आणि मग कुणाला आपलं नावही आठवत नाही. शाळेत तसंच झालं होतं. दोन महिने केळीच्या कामाला गेलो आणि परत गेलो तर माझ्या बाकावर दुसरा बसलेला. मास्तर म्हणाले, “तू कोण?”

सकाळी सगळ्यांच्या आधी मी मैदानावर पोचलो. तुम्ही यायचे होतात, पण चोपड्याच्या रस्त्यावर एक बस बंद पडली आणि डेपोनं तुम्हाला तिकडे पाठवलं, हे मला फाटकाशी चहावाल्यानं सांगितलं. मी बाहीनं माझ्यापुढचं ‘टक्कर नाही’ पुसलं. ते नीट पुसलं जाईना. तुम्ही खडू पाण्यात बुडवून लिहायचात, ते अक्षर वाळलं की पांढरंशुभ्र होऊन फळ्याला धरून बसायचं. मी थुंकी लावून घासलं, आणि खिशातल्या कोरड्या खडूनं लिहिलं, पूर्ण.

बाळू कप्तान. तो आला, फळा वाचला, माझ्याकडे बघितलं. “काल तर सोपट बांधलं होतंस.”

“नानांनी जाताना परत बघितला गुडघा. म्हणाले, खेळ.”

इतकं सोपं होतं खोटं बोलणं. तुमचं नाव घेतलं की पुढे कुणी काही विचारायचंच नाही.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. धुळ्याचा कैलास, त्यांचा बॅक, सरळ चेंडूवर आला. त्याची काही चूक नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आज परत सांगतो. चेंडू त्याचाच होता. धडधाकट माणूस त्यातून उठून पळाला असता. माझ्या गुडघ्यातून ओली काठी मोडावी तसा आवाज आला.

खाली पडल्या पडल्या मला फाटक दिसत होतं. तुम्ही ग्रीसचे हात घेऊन तिथं उभे होतात आणि फळ्याकडे बघत होतात. माझ्याकडे नाही, फळ्याकडे. मग धावत आलात.

माझे वडील मागून आले. सगळ्यांसमोर म्हणाले, “पोराचा पाय सुजलाय हे आंधळ्यालाही दिसत होतं. तुम्ही पूर्ण लिहिलंच कसं?” बाळू म्हणाला, “नाना, तुम्हीच खेळ म्हणालात ना याला?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी डोळे मिटून घेतले. दुखत होतं म्हणून मिटले असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

तुम्ही म्हणालात, “फळा मना शे. जबाबदारी मनी.”

बस, एवढंच. नाना, हे वाक्य मी बारा वर्षं मनात घोळवतोय. ‘मी लिहिलं’ असं तुम्ही म्हणाला नाहीत, ‘मी याला खेळ म्हणालो’ असंही नाही. खोटं तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत. फक्त माझ्या आणि त्या लोकांच्या मधे येऊन उभे राहिलात.

त्याची झळ तुम्हाला किती बसली ते मी घरी पलंगावर पडून ऐकत होतो. तीन-चार जणांनी आपली मुलं सरावातून काढली. बाहेरचे संघ फळ्यापाशी थांबेनात. “यावलचा फळा आहे, उलटा वाचा,” असं म्हणत पुढे जायचे. ज्यांनी आपल्यासारखा फळा केला होता त्यांनी तो काढून टाकला. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी लिहीत राहिलात.

कैलास मला भेटायला घरी आला होता, हातात केळीची फणी घेऊन. यावलला येताना केळी घेऊन आला, यावरून माझी आई त्याही दिवसांत हसली. तो माझ्या पायाशी बसून म्हणाला, “भाऊ, फळावर पूर्ण लिखेल व्हतं. नहीतर मी पाय काढी लेतू.” मी म्हणालो, “तुझी चूक नाही.” पुढचं वाक्य ओठांवर होतं. ते तिथंच राहिलं.

दोन महिन्यांनी मी कुबड्या घेऊन मैदानावर आलो. सगळे पळत होते, तुम्ही फळ्यापाशी. माझं नाव होतं, पुढे कोरं. तुम्ही खडू माझ्यापुढे धरलात. “लिख.”

मी लिहिलं, काठावर. तुम्ही पाण्याचा डबा पायानं माझ्याकडे सरकवलात.

“कोरडं पुसाई जास,” तुम्ही म्हणालात.

मी पुसलं, खडू बुडवला, परत लिहिलं. कुबडीवर तोल सांभाळत लिहिताना ‘वर’ खाली घसरलं. तुम्ही म्हणालात, “आजपासून फळा तुना.”

ज्यानं तुमचा फळा खोटा केला त्याच्याच हातात तुम्ही खडू दिलात. त्या वेळी तिथंच सगळं बोलून टाकायला हवं होतं. तुम्ही जागा करून दिली होती. मी ती वापरली नाही. पण मी त्या फळ्यावर परत एकही खोटा शब्द लिहिला नाही, नाना. कुणाचा गुडघा, कुणाचा घोटा, कुणाची मांडी, मी वाकून बघायचो, तुमच्यासारखं विचारायचो, आणि मग लिहायचो. पट्टी बांधायला तुम्ही शिकवलंत. डेपोतल्या गळक्या पाइपला गुंडाळतात तशी घट्ट, पण खालची कातडी श्वास घेईल अशी. तुमच्याच ओळखीनं जळगावला एका मालिश करणाऱ्याकडे गेलो आणि तिथून फिरत फिरत इथं आलो. मोडलेल्या गुडघ्यानं मला जेवढं चालवलं तेवढं धडधाकट गुडघ्यानं चालवलं असतं का, माहीत नाही. चालवलं ते तुम्ही.

इथल्या क्लबात फळा नाही, छापील तक्ता आहे. खेळाडूच्या नावापुढे तीन चौकोन. पूर्ण सहभाग, मर्यादित सहभाग, सहभाग नाही. इंग्रजीत असतं. ते तीन शब्द मी आधी चित्रासारखे पाठ केले. आणि मर्यादितवाल्याला वेगळ्या रंगाचं जाकीट घालतात, त्याला टक्कर द्यायची नाही. पहिल्या दिवशी ते बघितलं आणि मी एकटाच हसलो. आपलं सोपटच होतं ते.

पण तो तक्ता खोलीत कुलपात राहतो. बाहेर पत्रकारांना जे सांगतात ते वेगळं. ज्याची शीर फाटली त्याला ‘किंचित त्रास’. जो तीन आठवडे चालू शकत नाही तो ‘मैदानाशेजारी स्वतंत्र सराव करतोय’. जो अगदी ठीक आहे त्याच्याबद्दल ‘सामन्याआधी निर्णय घेऊ’. हे मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवायचो आणि तुम्ही हसून हसून खोकायचात.

“‘खबरदारी म्हणून विश्रांती’ म्हंजे काय रे? घर झोपेल शे का?”

“नाही नाना, दुखावलाय. पण सांगायचं नाही.”

“मंग त्याना आईले कसं समजी?”

यावर आपलं भांडण परत सुरू. मी म्हणायचो, इथं मोठा खेळ असतो, समोरचे फायदा घेतात, लपवावं लागतं. तुम्ही म्हणायचात, बाहेर लपवा, पण खेळाडूला तरी खरं सांगता ना? मी म्हणायचो, हो. तुम्ही म्हणायचात, नक्की? हे भांडण तसंच राहिलं. मला वाटतं अर्धं माझं बरोबर होतं. तुम्ही ते कधी मान्य केलं नसतं.

दोन महिन्यांपूर्वी इथला एक मोठा खेळाडू सकाळी लवकर माझ्याकडे आला. मांडी धरली होती. म्हणाला, लिहून टाक पूर्ण, उद्या खेळलो नाही तर माझी जागा जाईल. नाना, तो अगदी माझ्या आवाजात बोलत होता. मी त्याला खाली बसवलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. बाही, थुंकी, कोरडा खडू, कैलास, तुम्ही. तो माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मर्यादित लिख दे.” तीन आठवड्यांनी तो परत खेळायला लागला. जागा गेली नाही.

त्याला सांगता आलं आणि तुम्हाला नाही, याची मला फार लाज वाटली. म्हणून त्याला सांगितलं त्याच दुपारी तुम्हाला फोन केला.

“नाना, तब्येत कशी?”

“काठावर.”

मी हसलो. तुम्हीही हसलात. फळ्यावरचा शब्द गमतीनं वापरलात असं मला वाटलं. जन्मभर ज्या माणसानं त्या शब्दांत कधी थट्टा केली नाही, तो माणूस मला आपली खरी अवस्था सांगत होता. दुसऱ्यांचे पाय बघण्याचा पगार घेणारा मी, मला ते कळलं नाही. कळलं असतं तर दिवाळीची वाट न बघता निघालो असतो.

मग मी म्हणालो, “नाना, तुम्हाला एक सांगायचं होतं.”

तुमच्या बाजूनं स्टँडवरची बस मागे घेताना कंडक्टर गाडीवर थाप मारत होता, ते ऐकू येत होतं.

“फोनवर?”

“नाही. दिवाळीला आल्यावर सांगतो.”

“ये मंग. मी खडू भिजाडी ठेवसू.”

म्हणजे तुम्ही बारा वर्षं वाट बघत होतात. कधी हटकलं नाहीत, कधी टोमणा मारला नाहीत. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी तुम्हाला मागच्या रांगेत बसवलं तेव्हाही नाही. तिथून तुम्ही मला हात केलात, तो हात मला अजून दिसतो.

वडील रविवारी मैदानावर येतील, अक्का, त्यांना पुढे बसवा. बाळूलाही. कैलासला मी कळवलं आहे, तो धुळ्याहून येतो म्हणाला. ऐका सगळे. त्या दिवशी नानांनी माझ्यापुढे ‘टक्कर नाही’ लिहिलं होतं. ते मी पुसलं. ‘पूर्ण’ मी लिहिलं. नाना खेळ म्हणाले नव्हते. नानांचा फळा कधीच खोटा नव्हता.

हे लिहून झाल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पण लिहिलेलं पुसणार नाही.

अक्कांनी काल विचारलं की फळ्यावर नानांचं नाव घालायचं का आणि घातलं तर पुढे काय लिहायचं. नाना, तुम्ही तुमचं नाव त्यावर कधी घातलं नाहीत, मग आम्ही कोण घालणार. रोजच्यासारखी पोरांची नावं लिहा, अक्का, आणि ज्याचं जे असेल ते खरं लिहा. फक्त शेवटी माझं नाव घाला. मी आलेलो नाही, तेव्हा पुढची जागा कोरी ठेवा.

पुढच्या महिन्यात सुटी मिळाली आहे. आलो की घरी जायच्या आधी फाटकाशी थांबेन आणि ती जागा मीच भरीन. तेवढा खडू भिजवून ठेवा.

योगेश